उसवण

शारजात, रोला चौकामागच्या गल्लीत
आमचं बारा सुयांचं मशीन.
सकाळी त्यावर चारशे बिल्ले निघाले
सफाई कंपनीच्या डांगऱ्यांसाठी:
हिरवं पान, खाली नंबर.
पानाचा अर्थ कुणी सांगितला नाही,
मीही विचारला नाही.

दुपारी हमदान आला, अंतराळ केंद्रातला पोरगा,
कागद तळहाताने सपाट करत म्हणाला,
हा चंद्र. म्हणजे मोतीही.
ही होडी पणजोबांची, शिडाच्या जागी जाळ.
आणि दोर नीट काढ.
पाणबुड्या कमरेला बांधून खाली जायचा,
वर एकजण टोक धरून बसायचा,
हिसका लागला की ओढायचं.
दोराला पीळ पाच:
चार जाणारे, पाचवा राखीव.

म्हटलं, नऊ सेंटिमीटरच्या गोलात
पाच पीळ मावत नाहीत, भाऊ.
म्हणाला, मावव.

कडेने चौघांची नावं, अरबीत.
वाचता येत नाहीत मला,
पण कुठलं अक्षर कुणाला टेकतं
ते हाताला पाठ.

गुरुवारी फोन. सादच्या कानात दोष निघाला.
राखीव माणूस वर, साद जमिनीवर.
त्रेसष्ट बिल्ले तयार होते.
उसवता येतील?

लियाकत मास्तर सांगतात, आधी उलटी बाजू धर.
पातं बॉबिनच्या पांढऱ्या दोऱ्याखाली,
एकेक टाका, श्वास रोखून.
नाव निघतं, भोकं राहतात.
वाफेची इस्त्री फिरवली की दिसत नाहीत,
बोटाला लागतात.
नव्या नावात दोन अक्षरं जास्त होती.
दोराला मात्र हात लावावा लागला नाही.

व्हिसा बाबलीदादाचा ठरला होता.
मेडिकलमध्ये छातीच्या फोटोत डाग निघाला,
आणि एजंट म्हणाला, धाकटा आहे ना?
बॅगेवर त्याचं नाव मार्करने लिहिलेलं.
वेंगुर्ल्याच्या घरी, पडवीत बसून,
त्यानेच थिनरने पुसून दिलं.
उन्हात धरली तर अजून
'बा' दिसतो.
शुक्रवारी त्याचा फोन येतो.
जेवलंस काय रे?
मी हो म्हणेपर्यंत
तिकडे नुसता श्वास.

हमदानने मोजले. बासष्ट.
एक खराब झाला, म्हणालो.
तो माझ्या खिशाकडे बघत राहिला जरासा,
मग पिशवीला गाठ मारली.
दारातून वळून म्हणाला,
दोर छान आलाय.