ट्रॅक अकरा

वडगावात चार माग अजून चालतात,
पाचव्या खोलीत आम्ही जुन्या गाद्या भिंतीला ठोकल्या
आणि हे गाणं केलं. साडेतीन मिनिटं, अठरा ट्रॅक.
आता रात्री दोनला एकेक सोडवत बसलोय,
बाकी सगळे मुके, एकच बोलता.

देसूरकरची गिटार एकटी ऐकली तर
पत्र्याच्या डब्यात वाळू. एवढी किरटी?
गाण्यात तर भिंत फोडून येते.
तिचा खालचा भाग मीच कापला होता,
बारेटोच्या बेसला बसायला जागा हवी म्हणून.
बेस तरी काय, एकटा असला की
चार घरं पलीकडच्या लग्नातून आल्यासारखा,
आणि दुसऱ्या कडव्यात चक्क एक चूक,
ड्रमच्या पोटात आजवर लपलेली.

वरच्या माइकमध्ये हुद्दारच्या झांजा,
झांजांमागं शेजारचा माग.
खटक-खट. खटक-खट.
काय काय लावलं, गेला नाही.
शेवटी हुद्दारच आपली लय सोडून त्याच्या चालीवर आला.
लोक म्हणतात, तुमचा ड्रमर जरा रेंगाळतो.
रेंगाळत नाही तो.
पलीकडं कुणाचं तरी पातळ पुरं व्हायचंय.

फोन उजळतो. देसूरकर.
"काय ऐकूलास एवढं? मिक्स कधी देतोस?"

अकरा.
हुद्दारची बहीण, महानंदा. धृपदात दोनदाच.
गायला नव्हती आली, भावाचा डबा घेऊन आली होती.
मराठी येत होतं तेवढं म्हणाली,
अडलं तिथं कानडी घातलं, मापात बसतं म्हणून.
देसूरकर म्हणाला, असू दे, पण खाली ठेव.
ठेवला. उणे वीसवर.
इथं पाट्यांवरची अक्षरं पट्टी लावून मोजतात,
उणे वीसवर काय आहे, कोण बघतो?

अकरा बंद केला.
सगळं जागच्या जागी. गिटार, बेस, तो मागसुद्धा.
फक्त देसूरकर एकाएकी
रिकाम्या मंगल कार्यालयात ओरडणारा माणूस.

परत चालू.
तिच्या ट्रॅकच्या शेवटी चार सेकंद कापायची राहिलीत,
डब्याचं झाकण, आणि ती विचारते,
"आता?"
तिच्या भाषेत, झालं का.
माझ्या भाषेत अजून सगळं व्हायचंय.

उणे अठरा केला.
देसूरकरला कळणार नाही.
माग थांबलाय वाटतं. नाही,
हेडफोन काढला होता मी.