डोक्यावरची रेघ

कचेरीत मी गुजरातीत लिहिते.
आजोबा म्हणायचे, त्यात अवघड काही नाही,
बहुतेक अक्षरं आपलीच,
फक्त डोक्यावरची रेघ काढून टाकायची.
अठरा वर्षं काढतेय.

काम साधं आहे माझं.
ज्याच्या नावावर घर, तोच घरात राहतो का,
एवढंच बघायचं.
सात वर्षं विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही,
आणि मी येईन तेव्हा घरी असायचं.

कलालीच्या पुढे, ब्लॉक सात, चारशे तीन.
लाभार्थी : राठोडिया मंछाबेन सोमाभाई.
दार उघडलं पुष्पलतानं. गाव छपऱ्याजवळचं.
म्हणाली, मौसी हैं हमारी.
कुठायत मौसी? दवाखान्यात. कुठल्या?
सरकारी.

बाल्कनीत मकरपुऱ्याच्या कारखान्याचा निळा शर्ट,
माळ्यावर छटपूजेचं सूप,
आणि जिन्यापर्यंत आलेला मोहरीच्या तेलाचा वास.
राठोडियांकडे या तेलात फोडणी पडत नाही,
हे कुठल्याही परिपत्रकात नाही, पण मला ठाऊक आहे.
एवढ्यात पोरगं बाहेर आलं, आईला विचारलं,
आज मौसी का नाम क्या बोलना है?

मी वहीत बघत राहिले.
वहीत बघण्यासारखं काही नव्हतं.

मंछाबेन सापडली नदीकाठी,
जिथून तिला आम्हीच उठवलं होतं, टेम्पोसकट, फोटोसकट.
बाभळीची दातणं मोजत होती, पाचाची एक जुडी.
गोणपाट झटकून मला बसायला दिलं.
बेन, चोथे माळे बकरी नो चडे.
लिफ्ट आहे ना, असं मी म्हटलं नाही.
लिफ्टच्या खड्ड्यात दोन वर्षं पाणी आहे.
त्याची फाइल माझ्याच टेबलावर असते, पण गुलाबी,
आणि गुलाबी फायली शिंदेसाहेब बघतात.

भाडं तीन हजार येतं, तिनं स्वतःच सांगितलं.
दोन हजार घराच्या हप्त्याला,
उरलेले हजार मला, नि या तिघींना.
तिघी माझ्या ओढणीचं टोक चघळत होत्या.

मग तिनं पैलतीर दाखवला.
चिखलात ओंडका. ओंडक्यानं डोळा उघडला.
पूर आला की ही सोसायटीत शिरते, म्हणाली,
तुमची माणसं येतात, तोंड बांधतात,
उचलून परत विश्वामित्रीत सोडतात. बरोबर ना?
बरोबर.
मग मलाच कसं उचलून
चौथ्या माळ्यावर सोडलं?

फॉर्मवर तीन चौकोन आहेत :
राहतात. राहत नाहीत. घर बंद.
दुसऱ्यावर खूण केली की सात दिवसांची नोटीस,
मग कुलूप, सील, आणि यादीतलं पुढचं नाव.
पुढच्या नावालाही घर हवंच आहे.
तेही रोज येतं, परमार म्हणून आहे,
बाकड्यावर डबा खातो, मला 'जय माताजी' करतो.
हे मंछाबेनला सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं?
दातणाची एक जुडी पाठवली असती बहुधा.

दोनदा लिहिलं मी, घर बंद.
बिनरेघेचं, स्वच्छ अक्षरात.
तिसऱ्यांदा मशीन घेत नाही, लाल होतं.

घरी येऊन वाणसामानाची यादी केली, मराठीत.
साबण, रवा, काडेपेटी.
प्रत्येक शब्दावर रेघ ओढताना
हात जरा रेंगाळला.
एवढंसं छप्पर, तेही आपणच घालायचं.

आज तिसरी खेप.
चार जिने, मधे दोनदा थांबले.
चारशे तीनमध्ये कुकरची शिट्टी झाली, म्हणजे घर बंद नाही.
बोट बेलवर ठेवण्याआधीच दार उघडलं.
पोरानं मला नखशिखान्त बघितलं,
बघितलं, आठवलं, आणि आत वळून मोठ्यानं ओरडलं :
अम्मा, मौसी आ गई!

आत भांडं पडलं.
मी चपला काढल्या,
भिंतीशी नीट लावून ठेवल्या.