कलम सहा, पोटकलम ड

फेब्रुवारीतली बैठक. टाऊन हॉलचा हीटर खोकतोय.
मेन राज्यातलं हे गाव, वस्ती नऊशे.
"चाळीस एकर, बारा घरं," पेल्की नकाशा टाचतो.
"घरं ओढ्याच्या अलीकडे, दहा एकरांत, खेटून.
उरलेलं तीस एकर सामायिक.
कुंपण नाही. कायमचं."

कायमचं, हे तो पेन्सिलीनं लिहितो.

कुणाला सेप्टिक टाकीची काळजी.
कुणी म्हणतं, शेजाऱ्याची शिंक ऐकायला
आलो का आपण इतक्या आडरानात?

डेल्फीन वेलेट, वय एक्याऐंशी, जमीन तिची,
हातमोजे चुरगाळत बसलेली, उठते.
"गवत कधी कापणार?"

बोर्ड कागद चाळतं.
पार्किंगचं कलम आहे, दिव्यांच्या उंचीचं आहे.
गवताचं नाही.

"जुलै अर्धा सरू द्या.
बॉबोलिंकची पिल्लं तोवर उडत नाहीत.
लुसियाँ चिडायचा, गवत निकस होतं म्हणायचा.
तरी थांबायचा."

चिटणीसबाई टिपून घेतात,
लुसियाँ गाळून.

बाहेर अंधारात डेल्फीन
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडते.
आपली झाल्यावर
पेल्कीचीही.