खांद्याची त्रिज्या

साडेसात किलोवॅट, मिनिटाला बहात्तर फेरे.
पीळ निघतो नऊशे पंचाण्णव न्यूटन-मीटर.
अट्ठेचाळीसचा ताण चालेल असं धरलं
तर शाफ्टचा व्यास सत्तेचाळीस पूर्णांक तीन.

सत्तेचाळीस पूर्णांक तीनचं बेअरिंग
अख्ख्या रावपुऱ्यात कुणी विकत नाही.
पंचेचाळीसनंतर थेट पन्नास,
मधे कुणाचं दुकान नाही.
पागेसरांनी पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवलं:
पगार खालच्या आकड्यावर ठरतो, शाफ्ट वरच्या.
मी पन्नास लिहिलं, भोवती चौकोन काढला, सही केली.

एकोणीस दिवसांनी पादऱ्याहून टेम्पोत
परत आला, दोन तुकड्यांत.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, गुजराती पेपरावर ठेवलेला
तो तुटका चेहरा:
एका कडेपासून आत सरकत गेलेल्या बारीक कमानी,
पूर ओसरताना विश्वामित्री
पुलाच्या खांबावर ठेवून जाते तशा रेघा,
आणि पलीकडच्या कडेला, नखाएवढ्या जागेत, खरबरीत चमक.
तेवढ्या जागेवर त्याने शेवटचे फेरे काढले.
वीस लाख फेऱ्यांचा थकवा.
कन्व्हेयरवाले म्हणाले, आवाजसुद्धा आला नाही.

रात्री दांडिया बाजारच्या खोलीत
हिशेब तीनदा मांडला. बरोबर.
मानकाच्या पुस्तकातला तक्ता, बोट ठेवून. बरोबर.
पोलादाचं सर्टिफिकेट, तेही.
सगळंच बरोबर निघालं
आणि मला झोप लागली नाही.

सकाळी पागेसरांनी चष्मा कपाळावर नेला,
बोट फिरवलं, जिथे पन्नासचा साठ होतो,
बेअरिंग ज्याला टेकतं त्या खांद्यापाशी.
कोपरा काटकोनात. बोटाला लागेल असा.
"ड्रॉइंग आण."
ड्रॉइंगवर त्या कोपऱ्यात ना आकडा, ना बाण.
आधीच्या अकरा शाफ्टच्या ड्रॉइंगवरही नव्हता,
आणि ते अकरा अजून फिरताहेत.

जेसंगभाई त्या आठवड्यात
धाकटीच्या लग्नाला बोरसदला होते.
लेथवर होता निकुंज, आयटीआयचा, नवा.
"कोपऱ्यात गोलाई? ए तो आपवानी ज होय ने,"
जेसंगभाई म्हणाले, जणू मी विचारलं होतं
चहा गाळून देता का.
रोज सकाळी टूलचं नाक
ते तेलाच्या दगडावर घासायचे. किती, ते कधी मोजलं नाही.

निकुंज भिंतीशी. हाताला कूलंटचा वास.
"मॅडम, ड्रॉइंगमां नहोतुं."
खरंच नव्हतं.
जे होतं ते त्याने केलं होतं,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत.

सुरक्षेचा गुणक मी दोन धरला होता.
आणखी एक रोज तरसालीहून सायकलवर यायचा,
हँडलला डबा अडकवून,
आणि माझ्या कुठल्याच सूत्रात नव्हता.

बारा ड्रॉइंगं काढली. बारा बाण.
आर एक. दीड केला तर बेअरिंग खांद्याला टेकत नाही,
काहीच लिहिलं नाही तर काय होतं
ते पेपरावर पडलंच होतं.

दुपारी दगडापाशी दोघं उभे.
निकुंज विचारतो, किती घासायचं?
जेसंगभाई माझ्याकडे बघतात.
"एक मिलिमीटर," मी म्हणते.
ते टूलचं नाक अंगठ्याच्या नखावर टेकवतात,
गेजवर धरतात, उजेड शोधतात फटीत.
"एटलुं ज हतुं," ते म्हणतात, स्वतःशीच,
आणि गेज निकुंजच्या हातात देतात.