हातभर पट्टी

पस्तीस वर्षं लोकांचे मीटर वाचले,
म्हणून बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरंही
भिंग लावून वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

कॉटन मार्केटातला दुकानदार हसला होता :
"इतकं कोणी वाचत नाही काकाजी,
दोन झाकणं पंपात टाका अन् मोकळे व्हा."

मी मापानं घेतलं.
त्रिमूर्ती नगरात पान हलत नव्हतं तेव्हा,
सकाळी सहाला, दोन दिवसांची उघाड बघून,
मोजे, मास्क, गुडघ्यापर्यंत बूट.
बोरकुटे गच्चीवरून म्हणाले, "चंद्रावर चालले का?"

लॉनवर एक थेंब नाही.
तिथला लव्हाळा खुरपीनं काढला, गाठीसकट,
पाठ दुखेपर्यंत.
औषध फक्त कंपाउंडच्या बाहेर, हातभर पट्टीला,
जिथं गाजरगवत माजलं होतं.
पंप तीनदा विसळला, ते पाणीही तिथंच,
नालीत नाही.
बाटली कपाटात. किल्ली माझ्या जानव्याला
बांधायची तेवढी राहिली.

आठ वाजले. पानं हिरवीगार.
मेल्याची बातमी मुळाला कळायला
आठवडा लागतो म्हणे.
आणि कचराबाई वाकलेली त्या पट्टीवर,
ओट्यात घोळ, थोडा तरोटा.

"टाका, टाका ते! औषध मारलंय!"
ती दचकली. मग गवताकडे बघून :
"औषध? बिमार होतं काय?"

ओटा झटकला तिनं. नळाखाली
साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत,
मी सांगितलं तितक्या वेळा.
"आधी सांगतलं असतं तं
म्याच खुरपून देल्लं असतं जी.
घोळ घरी नेली असती, बाकी तुमचं."

पुन्हा भिंग घेतलं.
मुलं होती, जनावरं, मासे, मधमाश्या.
भाजी वेचणारी बाई कुठंच नव्हती.

पाटी लिहिली. मग आठवलं,
तिला वाचता येत नाही.
प्लास्टिकची खुर्ची गेटाबाहेर टाकून बसलो
पट्टी पिवळी पडेपर्यंत, अकरा दिवस.
बोरकुटेंनी चंद्राचं पुन्हा विचारलं नाही.

आता ती रस्त्याच्या पलीकडून येते.
दर गेटाशी थांबते, कडी वाजवते :
"औषध देल्लं काय हो इथं?"
आत टीव्ही चालू असतो.
ती उभी राहते, वाकत नाही,
तरोट्याकडे बघत.