पान एकसष्ट

आधी छापलं होतं
शेठ वसनजी रतनशी यांस, सादर.
पुढं काही नाही, मोकळं पान.
वीस रीम कागद दिला होता त्यांनी, तोही क्रीमवोव्ह.

नाबर मास्तरांचं पुस्तक मुंबईच्या विहिरींवर.
कुठली गोडी, कुठली मचूळ, कुठल्या विहिरीत कुणाची नथ पडली,
सगळं पायी फिरून. चपलांचे तीन जोड झिजले म्हणायचे.
आमचं बाइंडिंगचं दुकान फणसवाडीत,
फर्मे मोडायला आई, शिवायला बाबा,
खळ ढवळायला मी. वय नऊ.

छापून झालं आणि मग शेठजींनी पान एकसष्ट वाचलं.
त्यांच्याच वाडीतली विहीर,
भर घालून बुजवलेली, वर सुताचं गोदाम.
एवढं पान काढा, मास्तर.

मास्तर काय बोलले मला माहीत नाही.
त्यांची पेटी विकली गेली एवढं कळलं,
आणि कागदाचे पैसे परत गेले, रुमालात बांधून, चिल्लरसकट.

दोन दिवसांनी पाचशे चिठ्ठ्या आल्या,
दोन बोटं रुंद, ओळ एकच:
पान एकसष्टवरच्या विहिरीस.

कडेकडेनं लाव, बाबा म्हणायचे, मधे नको, सुरकुतेल.
मी बोटानं खळ लावायची,
शेठजींवर चिठ्ठी ठेवून तळहातानं दाबायची.
मोरचुदानं बोटं हिरवी, जेवायच्या आधी तीनदा धुवायची.

काल विद्यापीठातून एक मुलगी आली, तेलवणे आडनावाची.
दोन प्रती आणल्या होत्या.
एक उजेडाला धरली तर चिठ्ठीखालचं नाव दिसतं,
तळाशी पडलेल्या भांड्यासारखं, हलल्यागत.
दुसरीत चिठ्ठीच नाही. शेठजी ठणठणीत.

दोन आवृत्त्या असणार ना, आजी?
का मास्तरांचं मन बदललं?

कसं सांगू. शेवटच्या गठ्ठ्याला खळ पुरली नाही,
बाबा माल पोचवायला गेलेले,
मी उरलेल्या चिठ्ठ्या नळाखालच्या हौदात सोडल्या,
कुठली आधी बुडते बघायला.
अठ्ठावीस होत्या. एक बराच वेळ तरंगली.

तिनं वहीत लिहून घेतलं: दोन आवृत्त्या.
मी चहा ठेवला.

जिना उतरताना तिनं विचारलं,
ती विहीर नेमकी होती कुठे?

म्हटलं, गोदाम पाडून टॉवर झालाय तिथं.
वॉचमनला विचार,
भर एप्रिलात तळघराला पंप कशाला लागतो.