वजनाला

ओझुर्गेतीच्या उतारावर
चहाची झुडपं आता डोक्यावर गेलीत,
नेच्यांत बुडालेली.

“कमरेइतकी असायची,” त्सियाला म्हणते.
“दोन पानं, एक कळी. बस्स.
मग वरून आकडे वाढत आले
आणि आम्हीच पोत्यांत भरल्या
काड्या, जून पानं,
एकदा तर दगड.
बिल्ला मिळाला मला.
खुराड्याच्या दाराला अडकवलाय, कडी म्हणून.”

फांदी वाकवून ती खुडते,
बघतही नाही.
नखं हिरवी होतात.
मूठभर पानं ॲप्रनच्या खिशात.

घरी मात्र माझ्या कपात
दुकानातली पुडी, दोरा बाहेर लोंबतोय.
“आणि ते?” मी खिशाकडे बघतो.

“ते माझ्यापुरतं,” ती म्हणते,
“पाहुण्याला कसं देऊ?
आमचा माल आहे तो.”